लातूर तीनदा लिहिलं की एक उत्तरपत्रिका भरते

नीटच्या उत्तरपत्रिकेवर एकशे ऐंशी प्रश्न, प्रत्येकासमोर चार गोल. पोरं एकेक गोल काळा करत जातात आणि तीन तासांनी बाहेर येऊन सांगतात, ‘फिजिक्सनं घोळ केला.’ कागदावर त्यांनी जे केलेलं असतं, ते गणिताच्या नजरेतून मात्र अगदी सरळ आहे. त्यांनी एक पूर्णांक लिहिलेला असतो. एकच, एकशे ऐंशी अंकी, आणि दहाच्या नव्हे तर चाराच्या पायावर.

आपल्या रोजच्या दशमान पद्धतीत अंक दहा आणि स्थानं एकक, दशक, शतक, म्हणजे दर स्थानाला दहापट. पाया चार घेतला की अंक उरतात चारच, ०, १, २ आणि ३, आणि स्थानं होतात एक, चार, सोळा, चौसष्ट. पर्यायांचे क्रमांक १ ते ४ असतात, म्हणून प्रत्येकातून एक वजा करायचा. समजा, शेवटच्या चार प्रश्नांना कुणी ३, १, ४, २ अशी उत्तरं दिली. अंक झाले २०३१. म्हणजे दोन चौसष्ट, सोळा एकही नाही, तीन चार आणि वर एक. १२८ अधिक १२ अधिक १, एकूण १४१.

या १४१ कडे जरा थांबून पाहू. तिला ३ ने भाग जातो, ३ गुणिले ४७. हा तिचा स्वतःचा गुण, कुठल्याही पायावर लिहा, बदलणार नाही. उलटीकडून वाचली तरी १४१ च राहते, हा मात्र दहाच्या पायाचा प्रताप. चारात ती २०३१ आहे आणि उलटी केली की १३०२ होते. शाळेत आपण अंकांची बेरीज करून नवाची कसोटी लावायचो, ती दहाच्या पायात चालते कारण नऊ हा दहापेक्षा एकाने कमी. चाराच्या पायात तेच काम तीन करतो. २०३१ च्या अंकांची बेरीज सहा, सहाला तिनाने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. अख्ख्या एकशे ऐंशी अंकी उत्तरपत्रिकेला तिनाने भाग जातो का, हे आठवीतलं पोर दोन मिनिटांत सांगेल. संख्येचं स्वतःचं काय आणि पायामुळे दिसणारं काय, एवढी एक खूणगाठ बांधून ठेवा, पुढे लागेल.

चाराचा पाया आपल्याकडे नवा नाही. जुन्या कलदार रुपयात चार पावल्या, पावलीत चार आणे, आण्यात चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. वरची २०३१ ही संख्या वाणसामानाच्या जुन्या वहीत ‘दोन रुपये, तीन आणे, एक पैसा’ अशी पडली असती आणि दुकानदाराने तिचे १४१ पैसे मनातल्या मनात केले असते. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे इथला रुपया हाली सिक्का. तोही सोळा आण्यांचाच, पण कलदारापेक्षा हलका. १९५० साली सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव होता. म्हणजे बाजारात बसलेला माणूस एकाच वेळी सोळाचा पाया आणि सातास सहाचं त्रैराशिक सांभाळत होता, आणि पोरांना पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला आणि चाराचा पाया व्यवहारातून गेला. ओएमआर शीटच्या रूपाने तो परत आलाय, फक्त आता त्याच्याकडे कुणी संख्या म्हणून बघत नाही.

एकूण किती वेगवेगळ्या उत्तरपत्रिका शक्य आहेत? एकही प्रश्न न सोडता भरायची असेल, तर चाराचा एकशे ऐंशीवा घात. दशमानात ही संख्या १०९ अंकी आहे, साधारण २३५ आणि त्यापुढे १०६ शून्यं. भास्कराचार्यांनी लीलावतीत स्थानांची नावं एकापासून परार्धापर्यंत दिली आहेत, आणि परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. परार्धाला परार्धाने गुणा, पुन्हा परार्धाने, असे सहा परार्ध एकमेकांत गुणून टाका. तरीही आपण एकावर १०२ शून्यांपाशीच आहोत. त्याला आणखी साडेतेवीस लाखांनी गुणलं की उत्तरपत्रिका पुऱ्या होतात. योगायोग असा की २०२४ साली देशभरात नीटला प्रत्यक्ष बसलेले विद्यार्थीही तेवीस लाखांच्या थोडे वर होते.

इतकी अवाढव्य संख्या, पण तिच्यातली कुठलीही एक उत्तरपत्रिका फोनमध्ये साठवायला किती जागा लागते? पंचेचाळीस बाइट. चारातला एक अंक म्हणजे संगणकाचे दोन बिट, एकशे ऐंशी अंकांचे ३६० बिट, आणि आठ बिटांचा एक बाइट. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला फोन यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत तीन बाइट खर्च करतो. ‘लातूर’ या शब्दात चिन्हं पाच: ल, काना, त, दीर्घ ऊकार, र. पाच त्रिक पंधरा बाइट. तीनदा ‘लातूर’ लिहिलं की बरोबर पंचेचाळीस. देशभरातले लाखो कुटुंबीय ज्या उत्तरसूचीकडे डोळे लावून बसतात, ती ‘लातूरलातूरलातूर’ एवढ्या जागेत मावते.

नुसती मावते असं नाही, उलटंही करता येतं. ‘ल’ चे तीन बाइट म्हणजे २२४, १६४ आणि १७८. चाराच्या पायात ते होतात ३२००, २२१० आणि २३०२. प्रत्येक अंकात एक मिळवून पर्याय काढा: ४, ३, १, १, ३, ३, २, १, ३, ४, १, ३. झाली पहिल्या बारा प्रश्नांची उत्तरं. देवनागरीतली बहुतेक अक्षरं २२४, १६४ या जोडीनेच सुरू होतात, म्हणून तेराव्या प्रश्नापासून पुन्हा तीच आठ उत्तरं येतात, पंचविसाव्यापासून पुन्हा. फक्त दीर्घ ऊकाराचा दुसरा बाइट १६५ आहे, त्यामुळे ८, २०, ३२ आणि ५६ या प्रश्नांना पहिला पर्याय असताना ४४ व्या प्रश्नाला दुसरा येतो. एक ‘लातूर’ साठ प्रश्न सोडवतं, तीन लातूर सगळा पेपर. नांदेडकरांनी वाईट वाटून घेऊ नये. ‘नांदेड’ मध्ये सहा चिन्हं, बहात्तर प्रश्न, म्हणजे अडीच नांदेडात पेपर संपतो, ‘नांदेडनांदेडनां’. अर्धा शब्द बरोबर अनुस्वारावर तुटतो, हे त्यातल्या त्यात समाधान.

संख्या म्हणून पाहिलं की एक गंमत दिसते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका घराने बदललं तर ही संख्या चाराच्या १७९ व्या घाताने हलते, म्हणजे १०८ अंकी फरक. शेवटच्या प्रश्नाचं तसंच बदललं तर फरक फक्त एकाचा. पण बरोबरचं चूक झालं तर गुण दोन्हीकडे सारखेच जातात, पाच. हातचे चार गेले आणि एक दंडाचा. यंत्राला स्थानाची किंमत कळत नाही, त्याला फक्त किती जागी अंक वेगळे पडले एवढंच मोजता येतं. दोन संकेतांमधलं अंतर असंच मोजायची रीत रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये मांडली आणि तेव्हापासून ते अंतर त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. उत्तरसूचीपासून किती हॅमिंग अंतरावर आपण आहोत, निकालाच्या दिवशी एवढाच प्रश्न असतो.

आता हे अंतर जमिनीवर मांडून बघू. आपल्याकडे सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले त्याला पुष्कळ वर्षं झाली, पण बोलीत अजून एकर-गुंठेच. गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. उत्तरपत्रिका ए-फोर आकाराची धरू. हे कागद एका चौरस मीटरमध्ये नेमके सोळा बसतात, कारण ए-झिरो कागद मुळात एक चौरस मीटरचा आणि त्याची चारदा निम्मेवाटणी केली की ए-फोर. म्हणजे इथेही सोळा आणेच. एका गुंठ्यात साधारण १,६१९ उत्तरपत्रिका.

७२० पैकी ७२० मिळवणारी उत्तरपत्रिका एकच. एक प्रश्न चुकवायचा तर तो एकशे ऐंशी तऱ्हांनी निवडता येतो आणि चुकीचे पर्याय तीन, म्हणून ७१५ गुणांच्या उत्तरपत्रिका ५४०. त्या पसरल्या की एक तृतीयांश गुंठा भरतो. दोन चुका, ७१० गुण: १,४४,९९० उत्तरपत्रिका, दोन एकर साडेनऊ गुंठे. तीन चुका, ७०५ गुण: २,५८,०८,२२० उत्तरपत्रिका, जवळपास चारशे एकर. चार चुका, बरोबर ७०० गुण: साडेतीनशे कोटींना थोड्या कमी, आणि त्यांना जागा लागते २१४ चौरस किलोमीटर.

पाच चुका, ६९५ गुण. उत्तरपत्रिका ३६ हजार कोटींच्या वर. लातूर जिल्हा ७,१५७ चौरस किलोमीटरचा, नांदेड १०,५२८ चा. उदगीरपासून किनवटपर्यंत, शेत, रस्ता, गाव, तळं काही न सोडता दोन्ही जिल्हे कागदाने झाकले तरी चार हजार नऊशे चौरस किलोमीटरचे कागद हातात उरतात. एका थराला सव्वा थर म्हणा.

सहा चुकांना भारताच्या क्षेत्रफळाचा साठ टक्के भाग लागतो. सात चुकांना, म्हणजे ६८५ गुणांना, १४ कोटी ७५ लाख चौरस किलोमीटर. पृथ्वीवरची सगळी जमीन, सगळे खंड धरून, १४ कोटी ९० लाखांच्या आसपास आहे. हे आकडे एकमेकांच्या इतके जवळ यायला काही कारण नाही, आले एवढंच. दहा चुकांना सूर्याचा पृष्ठभागही कमी पडतो, त्याच्यावर साडेचार थर होतात. आणि अजून ६७० गुणच झालेत, कुठल्याही घरात पेढे वाटावेत असे.

सगळ्याच उत्तरपत्रिका लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांवर रचायच्या ठरवल्या तर थर होतील ८३ आणि त्यापुढे ९५ शून्यं इतके. कागद एक दशांश मिलिमीटर जाडीचा धरला तर या थप्पीची उंची दिसू शकणाऱ्या विश्वाच्या एकूण रुंदीपेक्षा, म्हणजे ९,३०० कोटी प्रकाशवर्षांपेक्षा, जवळपास एकावर ६६ शून्यं इतक्या पटींनी जास्त भरते. तिच्यातल्या ६९५ आणि त्यावरच्या सगळ्या उत्तरपत्रिका तळाच्या सव्वा थरात आटोपतात. लातूरच्या ट्यूशन एरियात चौकाचौकात लागलेल्या फ्लेक्सवर ज्यांचे फोटो असतात, ती मुलं या सव्वा थरात आणि त्याच्या आसपास कागद शोधून दाखवतात. फ्लेक्सवर शाबासकी कुणाला द्यायची याबद्दल माझं मत वेगळं आहे, पण काम अवघड आहे यात वाद नाही.

कागद राहू द्या, माणसं लावू. पृथ्वीवरचे आठशे कोटी लोक विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षं, दर सेकंदाला एक नवी उत्तरपत्रिका भरत आलेत असं समजा. आता दिसणाऱ्या विश्वात अणू साधारण एकावर ऐंशी शून्यं इतके आहेत असा अंदाज आहे. त्यातल्या दर अणूवर आपल्यासारखीच एक पृथ्वी बसवा, तितकेच लोक, तितकाच वेळ. सगळ्यांनी मिळून आजवर काम किती केलं असतं? सातवा हिस्सा, फार तर थोडा जास्त.

गुंठ्याचा विषय निघालाच आहे तर १०८९ ला तसंच सोडून पुढे जाणं बरं नाही. कुठलीही तीन अंकी संख्या घ्या, पहिला आणि शेवटचा अंक वेगळा हवा. उलटी करा, मोठीतून लहान वजा करा. उत्तर तीन अंकी लिहा, ९९ आलं तर ०९९. ते पुन्हा उलटं करून त्यातच मिळवा. उत्तर १०८९. नेहमीच. ७२० घेतली तर उलटी ०२७, वजाबाकी ६९३, त्यात ३९६ मिळवा, झाला गुंठा. हा खेळ दहाच्या पायाचा वाटतो, पण प्रत्येक पायाला त्याचा स्वतःचा गुंठा आहे. पायात एक मिळवून वर्ग करा आणि पायातून एक वजा करून त्याने गुणा. दहासाठी १२१ गुणिले ९, बरोबर १०८९. (गुंठ्यात चौरस यार्ड १२१ आणि एका चौरस यार्डात चौरस फूट ९ असतात, हे ज्याने कुणी पहिल्यांदा ताडलं असेल त्याला मजा आली असणार.) चारासाठी २५ गुणिले ३, म्हणजे ७५, आणि चाराच्या पायात ७५ लिहितात १०२३. करून बघा: चारातली ३१० घ्या, उलटी ०१३, वजाबाकी २३१, तिची उलटी १३२, बेरीज १०२३.

आता तुक्क्याची गोष्ट. काहीच न वाचता, डोळे झाकून गोल काळे केले तर किती गुण पडतात? चार प्रश्नांमागे सरासरी एक बरोबर येतो, त्याचे चार मिळतात, तीन चुकतात, त्यांचे तीन जातात. चार प्रश्नांना एक गुण, प्रश्नाला पाव. एकशे ऐंशी पाव म्हणजे पंचेचाळीस. शक्य असलेल्या शंभर उत्तरपत्रिकांमधल्या जवळपास सात बरोबर ४५ गुणांच्या असतात, आणि शून्याच्या खाली जाणाऱ्या पाचेक. ‘लातूरलातूरलातूर’ ची अपेक्षाही तेवढीच. सगळे प्रश्न सोडवणाऱ्याचे गुण नेहमी पाचाच्या पटीत येतात, कारण बरोबर उत्तरांच्या पाचपटीतून १८० वजा केले की गुण निघतात. निकालात ६३२ दिसले की समजायचं, पोराने काही प्रश्न सोडलेत.

सोडण्याची ही मुभा फार मोठी गोष्ट आहे. रिकामी ओळ हाही एक अंक मोजला तर पाया पाचाचा होतो, आणि लिहायला सोपाही: रिकामं म्हणजे ०, पर्याय १ ते ४ म्हणजे तेच अंक, वजाबाकीची भानगड नाही. आता एकूण उत्तरपत्रिका पाचाचा एकशे ऐंशीवा घात, १२६ अंकी. आधीच्या संख्येच्या किती पट? पावणेतीन परार्ध पट. एक गोल न रंगवण्याच्या परवानगीची ही किंमत.

या पाच अंकांच्या जगात काही गुण मात्र कधीच मिळत नाहीत. ७२० मधून प्रश्न सोडला की चार जातात, चुकला की पाच. चार आणि पाच रुपयांचीच नाणी असलेल्या बाजारात कोणती रक्कम देता येणार नाही, हाच प्रश्न. एक, दोन, तीन नाही. चार, पाच येतात. सहा, सात नाही. आठ, नऊ, दहा येतात. अकरा नाही. बारापासून पुढे सगळं जमतं. म्हणून ७१९, ७१८, ७१७ अशक्य, ७१४, ७१३ अशक्य, ७०९ अशक्य. तीन, दोन, एक, मिळून सहा. एकोणिसाव्या शतकात जेम्स सिल्व्हेस्टर यांनी हे सर्वसाधारण रूपात सोडवून ठेवलं आहे. सामाईक विभाजक नसलेली दोन नाणी घ्या, दोन्हींतून एकेक वजा करून गुणाकार करा आणि निम्मे करा, तेवढ्या रकमा अडतात. तीन गुणिले चार, भागिले दोन, सहा. सगळ्यात मोठी अडलेली रक्कम म्हणजे नाण्यांच्या गुणाकारातून दोन्ही नाणी वजा: २० उणे ९, अकरा.

४ जून २०२४ ला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० होते, आणि त्याहून जास्त खळबळ उडाली ती यादीतल्या ७१८ आणि ७१९ ने. त्या वर्षी प्रश्न दोनशे असून त्यातले १८० सोडवायचे होते, पण चार-पाचाचा हिशेब तोच. गणित येणाऱ्या कुठल्याही पालकाला दोन ओळींत दिसत होतं की हे गुण उत्तरपत्रिकेतून येऊच शकत नाहीत. खुलासा आला तो वेळ वाया गेल्याबद्दल दिलेल्या वाढीव गुणांचा. १,५६३ विद्यार्थ्यांना दिलेले ते गुण पुढे रद्द झाले, त्यांच्यासाठी २३ जूनला फेरपरीक्षा झाली, आणि उत्तरसूचीतला भौतिकशास्त्राचा एक प्रश्न दुरुस्त झाल्यावर ७२० वाले शेवटी १७ उरले. आधी फक्त सहा अशक्य आकड्यांची चाळणी लावली असती तरी निकाल जाहीर करण्यापूर्वी कुणीतरी दचकलं असतं.

पायाचा विषय महाराष्ट्रात काढायचा आणि दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचं नाव घ्यायचं नाही, हे होणे नाही. जन्म डहाणूचा, १९०५ चा. शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, पुढे १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ मांडली. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. इथल्या विद्वानांनी हे पोरखेळात काढलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात लिहिलं तेव्हा जगाला कळलं. देवळालीच्या मास्तरांनी जे केलं ते पोरखेळ होतंच, आणि पोरखेळाला एवढं खोल बूड असतं हेच त्यांनी दाखवलं.

६१७४ ही पायाची करामत आहे, संख्येचा स्वतःचा गुण नव्हे. मग उत्तरपत्रिकेच्या पायावर काय होतं? चाराच्या पायात ३०२१ आहे: ३२१० मधून ०१२३ वजा केले की परत ३०२१. पण सगळ्या संख्या तिच्याकडे येत नाहीत. काही २०२२ वर जातात, तिथून १३३२ वर, तिथून परत २०२२ वर, आणि जन्मभर तेवढंच. एकही प्रश्न न सोडणाऱ्यांच्या जगात कापरेकरांचा नियम फुटतो.

पाचाच्या पायात, म्हणजे रिकामी ओळ मोजली की, तो पुन्हा उभा राहतो. कुठलेही सलग चार प्रश्न घ्या. समजा उत्तरं आहेत ४, १, रिकामं, २. संख्या ४१०२. उतरत्या क्रमाने ४२१०, चढत्या ०१२४. पाचाच्या पायातली वजाबाकी, उसने घेताना दहा नव्हे पाच घ्यायचे: ४०३१. पुन्हा ४३१० उणे ०१३४, ४१२१. पुन्हा ४२११ उणे ११२४, ३०३२. आणि ३३२० उणे ०२३३ केलं की परत ३०३२. चारही अंक सारखे नसले तर सुरुवात कुठूनही करा, जास्तीत जास्त चार वजाबाक्या पुरतात, कारण उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं: सगळ्यात मोठा उणे सगळ्यात लहान, आणि मधल्या दोघांतला. अशा जोड्या पाचाच्या पायात अवघ्या चौदा. वहीच्या एका पानावर चौदाही तपासून होतात, आणि त्या सगळ्या ३०३२ लाच येऊन मिळतात. तिसरा पर्याय, रिकामं, तिसरा पर्याय, दुसरा पर्याय.

परीक्षेवाल्यांनी उद्या पाचवा पर्याय आणला तर रिकामी ओळ धरून पाया सहाचा होईल. मग ३०४३ पासून सुरुवात करून बघा. ३५५२ येते, मग ३१३३, मग १५५४, मग ४०४२, मग ४१३२, आणि सहाव्या वजाबाकीला पुन्हा ३०४३.